ठेव विमा वापरून पाहिला: 88 दिवस, पाचपैकी साडेतीन तारे

मिक्सरचे, पंख्यांचे, सावजी हॉटेलांचे रिव्ह्यू लोक पोटभर लिहितात. बँक बुडाल्यावर जो विमा मिळतो त्याचा रिव्ह्यू मात्र मला गरज होती तेव्हा कुठेच सापडला नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल चाळायचो, बातम्या सापडायच्या, पण "मी फॉर्म भरला, मला इतके मिळाले, इतके राहिले" असं सांगणारा माणूस नाही. म्हणून हे लिहितो आहे.

माझं नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या आतल्या गल्लीत, स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. खातं एका नागरी सहकारी बँकेत, 31 वर्षांपासून. बँकेचं नाव घेत नाही. ज्यांचे अडकले त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांचं नावावाचून काही अडत नाही.

जूनची 7 तारीख, शुक्रवार. संध्याकाळी साडेसातला शेजारच्या मेडिकलवाल्याने मोबाइल समोर धरला. "भाऊ, आपल्या बँकेवर आरबीआय बसली म्हणते." बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खाली निर्बंध. नवीन कर्ज नाही, नवीन ठेव नाही, आणि ठेवीदाराला एक रुपयाही काढता येणार नाही. मी दोनदा वाचलं. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेच्या वेळी, सप्टेंबर 2019 मध्ये, निदान हजार रुपये काढायची मुभा दिली होती आणि आपण तेव्हा टीव्हीसमोर बसून "हजारात काय होते बे?" म्हणालो होतो. इथे तेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाखेसमोर गर्दी. शटर अर्धं वर, दारात हवालदार, काचेवर चिकटपट्टीने लावलेला इंग्रजी कागद. तो कागद मीच मोठ्याने वाचून लोकांना मराठीत सांगितला, कारण झेरॉक्सवाला म्हणून सगळे ओळखतात. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पेन्शन पण नाही का रे?" मी कागद पुन्हा वरपासून वाचला. तिच्या पेन्शनसाठी वेगळी ओळ सापडेल असं मला उगाच वाटत होतं.

आता बँकेबद्दल, कारण रिव्ह्यू तिचाही आहे. सेवा चांगली होती हो. खोटं कशाला बोलू. दुकानापासून चालत चार मिनिटं, सुट्टे पैसे हवे तेव्हा मिळायचे, ड्राफ्टसाठी थांबावं लागलं तर चहा यायचा. मुदत ठेवीवर मोठ्या बँकांपेक्षा पाऊण टक्का जास्त. त्या पाऊण टक्क्यासाठी मी साडेतीन-चार लाखांच्या ठेवीवर वर्षाला तीन हजाराच्या आसपास जास्त कमवत होतो आणि स्वतःला हुशार समजत होतो. लक्षणं दिसत नव्हती असं नाही. दोन वर्षं सभासदांना लाभांश नव्हता. आमसभेत एका मास्तरांनी उठून थकीत कर्जाचा आकडा विचारला, तेव्हा व्यासपीठावरून "नंतर सविस्तर बोलू" आलं आणि मागून संत्रा बर्फीचे डबे आले. बर्फी चांगली होती. ताळेबंद मी घरी आणून रद्दीत टाकला.

यात सगळ्यात वाईट वेळ होती ती तारखेची. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, ऊन असतं म्हणून. पुण्या-मुंबईवाल्यांना हे कळत नाही. आमच्या धंद्याचा सगळा हंगाम जूनचे शेवटचे दहा दिवस आणि जुलैचे पहिले दहा. माल मे महिन्यातच बोलून ठेवायचा, चेक पुढच्या तारखेचा द्यायचा. इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याला मी 10 जूनचा 84,000 चा चेक दिला होता. तो 11 तारखेला फोनवर म्हणाला, "भाऊ, चेक वापस आला." आवाजात राग नव्हता, त्यालाही बातमी कळली होती. त्याने माल दिला, पण निम्मा. दोनशे पानी वह्या दरवर्षी मी दीडशे डझन उचलतो, त्या वर्षी सत्तर डझन. 3 जुलैला वह्या संपल्या आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. जे गिऱ्हाईक वह्यांसाठी गेलं ते कव्हर, कंपास, डबा सगळं तिथूनच घेतं. या नुकसानीचा विमा नसतो, आणि तो मागायची सोयही नाही.

आता मूळ विषय. ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, सगळे डीआयसीजीसी म्हणतात, ही रिझर्व्ह बँकेच्या मालकीची संस्था. 1960 मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, त्यातून 1961 चा कायदा आला आणि 1962 पासून विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती 1,500 रुपये. 1993 मध्ये ती एक लाख झाली आणि मग 27 वर्षं कुणी हात लावला नाही. पीएमसीचा गोंधळ झाल्यावर 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख. हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून घ्यायचा नसतो. आमच्या वेळी दर होता शंभर रुपयांमागे वर्षाला 12 पैसे. यात दुकानदार म्हणून मला एक गोष्ट खटकली: बँक हप्ता भरते पूर्ण ठेवीवर, संरक्षण मिळतं पाच लाखांपर्यंत. म्हणजे दहा डझनाचे पैसे घ्यायचे आणि हमी सात डझनाची द्यायची. असो.

खरी सुधारणा मर्यादा वाढवण्यात झाली नाही, ती झाली 2021 मध्ये. आधी विमा मिळायचा तो परवाना रद्द होऊन बँक अवसायनात, म्हणजे कायमची गुंडाळायला, गेल्यावर. निर्बंधांत लोंबकळत असताना काही नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध लागले आणि परवाना रद्द झाला 2022 मध्ये. नऊ वर्षांत पोरगी पहिलीतून दहावीत जाते. 2021 च्या दुरुस्तीने कलम 18अ आलं: निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत पैसे. त्यातले पहिले 45 दिवस बँकेने ठेवीदारांची यादी द्यायला, पुढचे 30 महामंडळाने तपासायला, शेवटचे 15 पैसे द्यायला. बँकेचं विलीनीकरण चाललं असेल तर रिझर्व्ह बँक आणखी 90 दिवस वाढवू शकते. ही वाढीव मुदतच आमच्या डोक्यावर टांगलेली होती, कारण रोज कुणीतरी म्हणायचं, "मोठी बँक घेऊन राहिली आपल्याला." कुणी घेतलं नाही.

हे सगळं मला कुणी सांगितलं? शाखेने नाही. पिग्मी एजंटने सांगितलं.

त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुढे जात नाही. अकरा वर्षं तो रोज संध्याकाळी सव्वासातला दुकानात यायचा. खांद्याला रेक्झिनची पिशवी, त्यात हातातलं मशीन. मी गल्ल्यातून दोनशे काढायचो, तो बटणं दाबायचा, मशीनमधून बोटभर पावती कर्र करत यायची. पावतीची शाई आठ दिवसांत उडते, म्हणून तो म्हणायचा, "भाऊ, मोबाइलचा मेसेज ठेवत जा." 8 जूनला, शनिवारी, सव्वासातला तो आला. मशीन होतं, पण बंद. काउंटरपाशी उभा राहिला. मी गल्ल्याकडे हात नेला आणि थांबलो. दोघंही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "लोक मले शिव्या देऊन राहिले, भाऊ. एकाने मशीन हिसकलं." त्याचं कमिशन त्याच दिवशी बंद झालं होतं. त्याची स्वतःची दीड लाखाची ठेव त्याच बँकेत होती. बायकोला त्याने ते सांगितलं नव्हतं.

आठ दिवस तो महालाच्या मुख्य रस्त्याने आला नाही, मागच्या बोळीतून यायचा. नवव्या दिवशी वही घेऊन आला. त्याने वहीत त्याच्या एकशे चाळीस गिऱ्हाइकांची नावं लिहिली होती आणि प्रत्येकापुढे चार रकाने आखले होते: आधार, पॅन, दुसऱ्या बँकेचं खातं, संमतीपत्र. म्हणाला, "हे चार झाले की पैसे येतात. एक राहिलं की नाई येत." त्याला हे कुणी सांगितलं मी विचारलं नाही. त्याच्यापुढे मी शाळेतला पोरगा झालो होतो.

संमतीपत्र म्हणजे काय, तर मला विम्याचे पैसे हवे आहेत असं ठेवीदाराने लेखी द्यायचं आणि पैसे कोणत्या खात्यात घ्यायचे ते कळवायचं. ज्यांनी दिलं नाही त्यांचे पैसे पुढच्या यादीवर जातात. फॉर्म दोन पानांचा. माझा पहिल्यांदा परत आला, कारण पासबुकावर वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर नुसतं आद्याक्षर. शाखेतल्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, मॅच नाही होत." मी म्हटलं, तीस वर्षं मॅच होत होतं. ती म्हणाली, "तेव्हा आधार नव्हतं न काका." बरोबर होतं तिचं. तिचाही पगार अडकलेला होता. मी शंभराच्या बाँडवर प्रतिज्ञापत्र करून आणलं.

गल्लीतल्या निम्म्या लोकांचे फॉर्म माझ्या दुकानात झेरॉक्स झाले. पहिले दोन दिवस पैसे घेतले, नंतर घेववेना. कागद इतवारीतून उधारीवर आणलेला होता, तरीही. बायको म्हणाली, "बँकेनं बुडवलं, आता तुम्ही झेरॉक्सनं बुडवा."

आता हिशेब, कारण विमा म्हणजे हिशेबच. माझ्या एकट्याच्या नावे होतं: बचत खात्यात 46,300, मुदत ठेव व्याजासकट 3,18,700, पिग्मी 58,600. आणि दुकानाचं करंट खातं, त्यात 1,12,400. मी समजत होतो दुकान वेगळं, मी वेगळा. दुकानाचं नाव वेगळं, पाटी वेगळी, शॉप ॲक्ट वेगळा. पण एकल मालकीची फर्म म्हणजे मालकच, असं विम्याचं गणित आहे. "त्याच हक्काने, त्याच नात्याने" ठेवलेलं सगळं एकत्र मोजतात, मग ते कितीही खात्यांत असो, कितीही शाखांत असो. बेरीज झाली 5,36,000. मिळणार 5,00,000. भागीदारी फर्म असती तर ती वेगळी मोजली असती. भावाला भागीदार करून घे म्हणून आई दहा वर्षं मागे लागली होती. ते आत्ता आठवायला नको होतं.

शिवाय बँकेचे पाच हजारांचे शेअर. कर्ज घेताना सभासद व्हावं लागतं, तेव्हाचे. शेअरला विमा नाही. ते मी त्याच दिवशी वजा केले.

आता घरातली गोष्ट. आमच्या दोघांच्या नावे दोन ठेवी होत्या. पहिली जुनी, नाव माझं आधी, तिचं नंतर, व्याजासकट 3,20,000. दुसरी ठेव तिच्या माहेरच्या वाटणीतून आली, 2,90,000 झालेली. त्या वेळी मी सवयीने माझं नाव आधी लिहून फॉर्म घरी आणला होता. ती भडकली. "पैसे माझ्या बापाचे, मंग नाव तुमचं पहिले काहून?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी नवीन फॉर्म आणला, तिचं नाव आधी. मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटला होता.

नियम असा आहे: संयुक्त खात्यात नावांचा क्रम वेगळा असेल तर ते वेगळं धरतात, प्रत्येकाला स्वतंत्र पाच लाख. क्रम एकच असता तर दोन्ही मिळून 6,10,000 चे पाच लाख मिळाले असते, 1,10,000 अडकले असते. वहीवर हा हिशेब एजंटने मांडून दाखवला तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. लाटणं हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, "मंग?" एवढंच. गेल्या वर्षभरात या "मंग?" चा उल्लेख घरात किमान चाळीस वेळा झाला आहे.

जुलैमध्ये आमच्यातले काही जण संविधान चौकात धरण्याला बसले. रिझर्व्ह बँकेची इमारत तिथेच समोर आहे, जुनी माणसं अजून आरबीआय चौकच म्हणतात. मी दुपारी दोन तास बसून आलो, दुकान मुलाकडे देऊन. पाऊस आला, बॅनरची शाई उतरली. शेजारी बसलेले एक निवृत्त कारकून म्हणाले, सरकारने बँक ताब्यात घेतली पाहिजे, भांडवल टाकलं पाहिजे. त्यांच्याशी मी तिथेच वाद घातला, पावसात.

कारण सरकार किंवा मोठी बँक वाचवते ती प्रत्येकाला नाही वाचवत. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक सप्टेंबर 2006 मध्ये अडकली, महिन्याभरात आयडीबीआयमध्ये गेली, ठेवीदाराचा रुपया गेला नाही. येस बँकेवर 5 मार्च 2020 ला निर्बंध, स्टेट बँकेने पुढे होऊन भांडवल घातलं, 18 मार्चला निर्बंध उठले. 13 दिवस! आणि पीएमसी? तिच्या कर्जांपैकी साधारण सत्तर टक्के एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेली, ती विलीन व्हायला जानेवारी 2022 उजाडला, आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतचे हप्ते लागले. आपल्या जिल्ह्याचंच बघा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेतला सरकारी रोख्यांचा घोटाळा 2002 मध्ये उघड झाला, खटल्याचा निकाल नागपूरच्या कोर्टात लागला डिसेंबर 2023 मध्ये. मधल्या काळात, नोव्हेंबर 2014 मध्ये, केंद्राने देशातल्या परवाना नसलेल्या 23 जिल्हा मध्यवर्ती बँका उभ्या करायला 2,375 कोटींची योजना मंजूर केली. केंद्र, राज्यं आणि नाबार्ड मिळून. त्यात महाराष्ट्रातल्या तीन: नागपूर, वर्धा, बुलढाणा. जिल्हा बँकेच्या मागे शेतकऱ्याचं पीककर्ज असतं, खेड्यातली सोसायटी असते, म्हणून सरकारला धावावं लागतं, आणि धावावंही. येस बँक पडली असती तर देशभर हादरा बसला असता. महालातल्या बारा शाखांच्या बँकेसाठी कोण धावणार? आमच्यासाठी विमा. मी त्या कारकूनकाकांना हेच म्हटलं. ते म्हणाले, "तुमचे पाच लाखांच्या आत आहेत म्हणून बोलता." त्यांचे अकरा होते. मग मी गप्प बसलो आणि त्यांच्यावर छत्री धरली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरकराला सांगायला नको, बाकीच्यांसाठी: काळी आणि पिवळी मारबत इतवारीच्या भागातून निघते, सोबत बडगे असतात, वर्षभरात ज्याने ज्याने छळलं त्याचे पुतळे, आणि लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्या वर्षी बँकेच्या संचालकाचा बडग्या केला होता. पोटाला गादी बांधून पोट, हातात संत्रा बर्फीचा रिकामा डबा. डबा मीच दिला होता. आमसभेचा.

मिरवणूक बघत उभा होतो, ढोलाचा आवाज इतका की खिशातला मोबाइल कळलाच नाही. घरी येऊन पाहिलं. तीन मेसेज. 5,00,000, 3,20,000, 2,90,000. निर्बंधांपासून 88 वा दिवस. मी खुर्चीत बसलो आणि आधी पिग्मीवाल्याला फोन लावला. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला आणि हॅलो न म्हणता विचारलं, "आले न?"

त्याचेही आले होते. त्याच्या वहीतल्या एकशे चाळीसपैकी एकशे एकतीस जणांचे त्या आठवड्यात आले. नऊ जणांचं काहीतरी राहिलेलं: कुणी वारलेलं आणि वारस नोंद नाही, एक पोरगा दुबईत, एका बाईने संमतीपत्रावर अंगठा द्यायलाच नकार दिला होता, "अंगठा दिला म्हणून तर पैसे गेले" म्हणत. ते सगळे त्याने पुढच्या यादीत बसवले. एक पैसा कमिशन नाही.

तर तारे. विम्याला पाचपैकी साडेतीन. तारीख पाळली, दलाल लागला नाही, कुणाच्या ओळखीची गरज पडली नाही, पैसे थेट खात्यात. सहकारी बँकेतल्या माणसाला हे किती नवीन आहे ते त्यालाच ठाऊक. एक तारा कापला तो 90 दिवसांसाठी. नोकरदाराला चालेल, पण ज्याचं करंट खातं अडकतं त्याचा तीन महिन्यांत हंगाम जातो आणि उधारीची पत जाते. निर्बंध लागताच करंट खात्यातून निदान मालाच्या पैशांपुरती मुभा असावी असं माझं मत आहे. ती कशी बसवायची ते शहाण्यांनी बघावं. अर्धा तारा कापला तो पासबुकासाठी. पासबुकाच्या मागच्या पानावर "ठेव विमा संरक्षण पाच लाखांपर्यंत" असं छापलेलं होतं. दुकानाचं खातं माझ्याच नावात मोजतात, नावांचा क्रम बदलला की वेगळं धरतात, शेअरला काही नाही, कर्ज थकलं असेल तर ते वळतं करून घेतात, या चार ओळी बँकांनी त्याच पानावर छापल्या असत्या तर शाई किती लागली असती?

एजंटला पाच. सहा देता येत नाहीत म्हणून.

बँकेला तारा देत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचा परवाना रद्द झाला, अवसायक नेमले गेले. माझ्या 36,000 चा दावा त्यांच्याकडे दाखल आहे, पावतीवर क्रमांक आहे. कर्जवसुलीतून विमा महामंडळाचे पैसे आधी फेडायचे, मग आमच्यासारख्यांचा नंबर. मी ते 36,000 मनातून सोडलेले नाहीत, पण त्यांच्यावर काही ठरवतही नाही. कारकूनकाका दर महिन्याला अवसायकांच्या कार्यालयात जाऊन येतात आणि परतताना दुकानात थांबून पाणी पितात.

माझं खातं आता दोन बँकांत आहे, दोन्हींचा विमा महामंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत तपासून. पतसंस्थेला हा विमा नाही, हे ज्यांना अजून माहीत नाही त्यांनी आजच माहीत करून घ्या. पाटीवर "ठेवीवर आकर्षक व्याज" असतं, काउंटर तसाच, पासबुक तसंच, एजंटही तसाच. पण ती बँक नव्हे. माझ्या चुलत सासऱ्यांचे अडकले ते पतसंस्थेत, आणि त्यांना 88 दिवस सांगितले की ते माझ्याकडे असे बघतात की मी विषय बदलतो.

मागच्या मंगळवारी सव्वासातला एजंट आला. तीच रेक्झिनची पिशवी, आत नवीन मशीन. वर्षभर तो एका कुरिअरवाल्याकडे होता, पाय दुखतात म्हणून सोडलं म्हणाला. मी चहा सांगितला. मशीन पिशवीतून अर्धं बाहेर डोकावत होतं.

"बँक की पतसंस्था?" मी विचारलं.

त्याने कपातल्या चहाकडे पाहिलं. "पतसंस्था, भाऊ."

मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. त्याने पिशवीची चेन लावली, चहा संपवला, पोरीसाठी दहा रुपयांचा एक पेन घेतला आणि सुट्टे मोजून काउंटरवर ठेवले. मी नको म्हटलं तरी ठेवले. दुसऱ्या दिवशी सव्वासातला तो पुन्हा आला, चहापुरता.